चारही चाकांचा जोर

एकलहरे वसाहत,
८ फेब्रुवारी १९८१

गोरक्ष,

अक्षर ओळखशील. सहा वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि तू मला लिहिलं नाहीस. हे पत्र त्याबद्दल नाही. तू विशाखाला जे कळवलंस त्यात एक चूक आहे, ती दाखवण्यापुरतं लिहितो.

तुझी बहीण तुझी पत्रं मला वाचून दाखवत नाही. पण या वेळी पाकिटातून एका गाडीचं रंगीत चित्र निघालं, ते तिनं कपाटाला चिकटवलं, म्हणून मी विचारलं. तेव्हा वाचलं तिनं. ऑडी कंपनीची क्वात्रो नावाची वेगाची गाडी. तू जर्मनीत ज्या वर्कशॉपात आहेस तिथं शर्यतीसाठी अशी एक तयार होते आहे. चारही चाकांना इंजिनाचा जोर, तोही कायम, सुक्या डांबरावरसुद्धा. पुढची चाकं लावायला-काढायला फ्रंटचा लिव्हरच नाही.

हे होणार नाही.

पंधरा वर्षं फौजेत आणि एकोणीस वर्षं वीज खात्यात मी जीप चालवली आहे. नुसतं तोंडानं बोलत नाही. गेल्या रविवारी मोटारशेडच्या पटांगणात चुना पसरला, स्टेअरिंग पूर्ण वळवून एक गोल फेरा घेतला आणि सुतळीनं चाकांच्या खुणा मोजल्या. एका फेऱ्यात पुढची चाकं मागच्यापेक्षा आठ फूट जास्त चालतात. चिखलात असलं तर चाक थोडं घसरतं आणि ते आठ फूट भरून निघतात. डांबरावर घसरायला जागा नसते. पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले, म्हणून ते आतल्या आत पिळले जातात, स्टेअरिंग दगडासारखं होतं आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ निघते. हे तुला मी सांगायला नको.

कळवणचा विषय मला काढायचा नाही. १९७५ च्या मे महिन्यात त्या घाटात जे झालं ते चौकशीच्या कागदात लिहिलेलं आहे. जीप चिखलातून तू बाहेर काढलीस, फ्रंटचा लिव्हर लागलेलाच ठेवून माझ्या हातात दिलीस आणि सांगायचं विसरलास. घाटात जीप वळली नाही, लाइनवाल्या निवृत्तीचा पाय गेला. तू स्वतः साहेबांपुढे होय म्हणालास. तो विषय तिथं संपला.

माझं म्हणणं फक्त गाडीपुरतं आहे. लिव्हर नसेल तर तुमच्या शर्यतवाल्याला पहिल्याच वळणावर कळेल.

तुझी आई बरी आहे. गुडघे दुखतात.

कारभारी पगारे


एकलहरे,
१९ जुलै १९८१

गोरक्ष,

तुझं उत्तर मिळालं. आकृती चांगली काढली आहेस. आयटीआयच्या मास्तरांनी तुला ड्रॉइंगमध्ये पहिला नंबर उगाच दिला नव्हता.

चूक माझी होती. गाडीच्या मध्यभागी आणखी एक डिफरन्शियल बसवलेलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मागच्या आसात असतं तसंच. तिथं डावं-उजवं चाक आपापल्या गतीनं फिरतं, इथं पुढची जोडी आणि मागची जोडी. म्हणजे एका गाडीत तीन. शेडमधलं भंगारातलं एक खोलून मी तास-दीड तास नुसतं हातानं फिरवत बसलो. एक बाजू धरून ठेवली की दुसरी दुप्पट फिरते. दोन्ही सोडल्या की सरळ. साधी गोष्ट आहे, पण चौतीस वर्षं मी तिच्यावर बसून होतो आणि तिला असं विचारलं नव्हतं.

तू लिहितोस की इंग्रजांनी हे पंधरा वर्षांपूर्वीच जेन्सन नावाच्या गाडीत केलं होतं. शंभरातले सदतीस हिस्से जोर पुढे आणि त्रेसष्ट मागे. जर्मनांनी निम्मं-निम्मं केलं. मला इंग्रजांचं पटतं. वेग घेताना गाडी मागे बसते, वजन मागे जातं, म्हणून जोरही मागे जास्त हवा. तुझे लोक यावर काय म्हणतात ते कळव.

पण जीप अजून हरलेली नाही. तुझ्या क्वात्रोचं एक चाक चिखलात अधांतरी फिरू लागलं तर तीन डिफरन्शियलं मिळून सगळा जोर त्या एका रिकाम्या चाकाला देऊन टाकतील, बाकीची तीन उभी राहतील. तिथं आमची जीप पुढे निघून जाईल. तूच पुढच्या पानावर कबूल केलंस की मधलं डिफरन्शियल जखडून टाकायला ड्रायव्हरजवळ एक खुंटी दिली आहे. म्हणजे शेवटी लिव्हर आलाच ना? आणि लिव्हर आला की तो सोडायला विसरणारा माणूसही आला. कोणीही विसरेल. चांगला ड्रायव्हरसुद्धा

हे वाक्य राहू दे.

विशाखा बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झाली, तिनं कळवलंच असेल. आई तुझी आकृती गादीखाली ठेवते. तिला त्यातलं काही कळत नाही.

कारभारी


एकलहरे,
२२ जानेवारी १९८४

चि. गोरक्ष,

दोन-अडीच वर्षं आपण गाड्यांचं लिहितो आहोत. तू पाठवलेली कात्रणं मी वहीत डकवली आहेत. बर्फातल्या, मातीतल्या, डांबरावरच्या शर्यती. कुठली गाडी किती सेकंदांनी पुढे, सगळं. आता माझं मत बदललं आहे. मातीवर तर तुमच्या गाडीपुढे मागच्या चाकांच्या जोराची कुठलीच गाडी टिकत नाही, आणि डांबरावर ती वळणात नाक बाहेर टाकते हा तिचा दोषही मला समजला. याबद्दल पुढे लिहीन. आज दुसरं लिहायचं आहे आणि ते लिहायला मला चार दिवस लागले आहेत.

निवृत्ती रविवारी आपल्याकडे येतो. पाय गेल्यावर त्याला गेटवर टेलिफोनचं काम दिलं. त्याची नवसाबाई भाजी-भाकरी बांधून देते आणि तो माझ्याबरोबर ओट्यावर बसून जेवतो. त्या दिवशी घाटातून मी त्याला खांद्यावर घेऊन एसटीपर्यंत पळालो, त्यामुळे त्याचा माझ्यावर जीव आहे. तुझं नाव मात्र त्यानं कधी काढलं नाही. तुझी आई चुकून "आमचा गोरख" म्हणाली की तो ताटावरून हात काढायचा.

परवाच्या रविवारी मी वही घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "काय बघता एवढं त्यात?"

मी त्याला समजावलं. जीपमध्ये पुढची-मागची चाकं जखडलेली, या गाडीत मोकळी. दोन वाट्या उपड्या ठेवून दाखवलं. तो हुशार आहे, पटकन कळलं त्याला.

"म्हंजी या गाडीत कुणी लिव्हर सोडायचा विसरला, तरी ती वळली असती?"

"या गाडीत तो लिव्हरच नाही, निवृत्ती."

"मग माझा पाय ऱ्हायला असता."

मी वही मिटली. त्यानं एक वाटी सुलटी केली. मग म्हणाला, "मी लय दिवस एकच म्हणत व्हतो, पोरानं माझा पाय खाल्ला. पण यंत्रच असं हाय तर ते पोरगं काय करील? एकवीस-बावीस वर्षांचं व्हतं. विसरलं. कारभारी, त्याला लिहा. म्हणावं, निवृत्तीच्या मनात आता काय नाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडे बघून हसला आणि उठून गेटवर गेला.

गोरक्ष, त्यानं सांगितलेलं मी तुला लिहू शकत नाही. कारण तू विसरला नव्हतास.

काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या हातानं ते एकदा कागदावर उतरलं पाहिजे. वादळानं खांब पडले होते, लाइनवाल्यांकडे गाडी नव्हती म्हणून आपली जीप गेली होती. शेतात चिखल होता. मी दोनदा प्रयत्न केला आणि जीप आणखी रुतवली. साहेब म्हणाले, "कारभारी, पोराला बसू द्या." तू बसलास, फ्रंट लावलास, हळू-हळू कडेकडेनं काढलीस. साहेबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. "बापापेक्षा हात चांगला आहे," म्हणाले. सगळे हसले. निवृत्तीही हसला. मीही हसलो असेन.

डांबरावर येऊन तू उतरलास आणि मला म्हणालास, "आबा, फ्रंट लागलेला हाय, काढून घ्या." निवृत्ती मागे दोर चढवत होता, इंजिन चालू होतं, त्यानं ऐकलं नाही. साहेब लांब उभे होते. मी मात्र ऐकलं. मी म्हणालो, "मला शिकवतोस?"

आणि लिव्हर काढला नाही. विसरलो नाही रे. राग होता. तू सांगितलंस म्हणून नाही काढला. पुढे गेल्यावर काढू, तू बघत नसताना, असं डोक्यात होतं. मग घाट लागला, साहेबांशी बोलण्यात गुंतलो, आणि त्या डाव्या वळणावर स्टेअरिंग हातात घट्ट झालं तेव्हा आठवलं. कठड्याचा दगड आणि जीप यांच्यामध्ये निवृत्तीचा पाय होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी तू नळावर हात धूत होतास. तुझ्या आईनं तुला सांगितलं की बापाची अकरा वर्षं नोकरी राहिली आहे, क्वार्टर जाईल, विशाखाची शाळा आहे, तू अप्रेंटिस आहेस, तुला दुसरीकडे मिळेल. मी दाराआड उभा होतो. मी तुझ्याकडे मागितलं नाही. तिला मागायला लावलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, "बरं" म्हणालास. आठ दिवसांनी तुला काढलं, महिन्याभरात तू मुंबईला बोटीवर गेलास.

तुला उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

तुझा बाप


एकलहरे,
११ मार्च १९८४

चि. गोरक्ष,

तुझं पत्र आलं नाही. येईल म्हणून मी हे लिहीत नाही, पण जे केलं ते तुला कळलं पाहिजे.

मागच्या पत्राचा कागद टपालात टाकण्याआधी मी तुझ्या आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्याला लिहिलंत. ज्याचा पाय गेला त्याला?" पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी दोन रविवार निवृत्तीसमोर जेवलो आणि बोललो नाही. तिसऱ्या रविवारी जेवणाआधीच सांगून टाकलं.

मला वाटलं होतं तो ओरडेल, मारील. कुबडी हाताशीच होती. त्यानं फक्त विचारलं, "पोरगं बोललं व्हतं? तुमाला सांगितलं व्हतं त्यानं?"

"हो."

"अन तुमी मला खांद्यावर घेऊन पळाले."

"हो."

त्यानं भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं. गाठ बसेना. तुझी आई गाठ बांधायला पुढे झाली तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सगुणाबाई." आणि गेला. त्यानंतर तो आलेला नाही. गेटवरून कामावर जाताना मी थांबतो. तो रजिस्टर पुढे करतो, मी सही करतो. परक्या माणसाकडे बघतात तसं माझ्याकडे बघतो.

नवसाबाई मात्र एकदा नळावर तुझ्या आईला भेटली. म्हणाली, "तुमच्या मालकांनी नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. आमच्या घरात एक बरा माणूस व्हता सांगायला, त्यो पण गेला." तुझ्या आईनं घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ते लपवायला हवं होतं असं मला वाटत नाही.

ऑफिसात मी लेखी जबाब दिला. हेडक्लार्क कागद हातात घेईना. "नऊ वर्षांची बंद फाइल, कारभारी! दोन वर्षांत रिटायर होताय. कशाला उकरता?" मी म्हणालो, "त्या फाइलीत माझ्या मुलाचं नाव आहे." तीन फेऱ्या मारल्या तेव्हा आवक शिक्का मिळाला. गेल्या आठवड्यात हुकूम निघाला: जुन्या निष्कर्षात दुरुस्ती, शिकाऊ उमेदवार गोरक्ष पगारे यांचा दोष नव्हता. मला ड्रायव्हरच्या जागेवरून काढून स्टोअरमध्ये दिलं आहे. हुकमाची नक्कल सोबत जोडली आहे. तिथं तुला तिचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे.

आता मी नट-बोल्ट मोजून देतो. जीपची किल्ली दुसऱ्याकडे आहे. सकाळी ती सुरू होते तो आवाज स्टोअरमध्ये ऐकू येतो. क्लच जोरात सोडतो तो माणूस.

तुझा बाप


इंदिरानगर, नाशिक,
१६ ऑक्टोबर १९८६

चि. गोरक्ष यास आबाचा जयभीम.

पत्ता बदलला आहे. जूनअखेर मी रिटायर झालो, क्वार्टर सोडलं. विशाखाला इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला घेतलं, तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आम्हाला घेऊन आली. नवीन वस्ती आहे. बांधकामं चालू, मध्ये-मध्ये अजून द्राक्षाचे मळे. आईचे गुडघे तसेच, पण इथं नळ घरात आहे.

तू माझ्या त्या पत्राला सात महिन्यांनी उत्तर दिलंस, आणि त्यात कबुलीबद्दल एक ओळ नव्हती. इंग्रजांचा चिकट तेलाचा जोड कसा चालतो ते चार पानं लिहिलं होतंस. दोन्ही बाजूंच्या फिरण्यात फरक पडला की डब्यातलं तेल घट्ट होतं आणि जोर दुसऱ्या बाजूला ढकलतं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. नंतर वाटलं, मीही सुरुवात चुन्याच्या खुणांपासूनच केली होती. तुझी चार पानं मी पुष्कळदा वाचली आहेत.

आता तू स्टुटगार्टच्या त्या नव्या पोर्शेचं लिहिलंस, तिच्यात पुढच्या चाकांना किती जोर द्यायचा ते यंत्र क्षणाक्षणाला स्वतः ठरवतं. तू विचारलंस की आबा, तुम्हाला या सगळ्यांत कुठली पद्धत पसंत? विशाखाच्या वर्गातल्या मुलांसमोर मी यावर तासभर बोललो, एवढंच तुला सांगतो. चिखलात, नांगरटीत जावं लागलं तर जीप. घाटात माणसं घेऊन जायचं असेल तर तुझी जुनी क्वात्रो, मधली खुंटी मोकळी ठेवून. नव्या गाडीबद्दल मत द्यायला तिच्यात बसावं लागेल. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही यातली कुठली चालवली आहे?" मी म्हणालो, "एकच, आणि तीही नीट नाही." मुलं हसली.

आता खरी हकिकत. परवा दसऱ्याला, धम्मचक्राच्या दिवशी, आम्ही वंदना करून बसलो होतो तर जिन्यावर कुबडीचा आवाज आला. विशाखा धावली. निवृत्ती होता. अडीच वर्षांनी. घामानं भिजलेला, एकलहऱ्याहून दोन बस बदलून आलेला. त्यानं पाणी प्यायलं आणि खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं. तुझं पत्र, त्याला लिहिलेलं.

म्हणाला, "वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. तू लिहिलं होतंस की चौकशीत "होय" तू तुझ्या तोंडानं म्हणालास, कुणी तुझा हात धरला नव्हता. की खोट्यात निम्मा वाटा तुझा आहे. की काकांनी रागवायचं तर एकट्या आबांवर रागवू नये. मला पुढे वाचता येईना. विशाखानं पूर्ण केलं.

निवृत्ती ताठ बसून ऐकत होता. मग एकदम चिडला. "हे काय चाललंय तुमचं बाप-लेकाचं? बाप म्हणतो माझी चूक, लेक म्हणतो निम्मी माझी. वाटण्या करता? पाय माझा गेलाय. मला कुणी इचारलं का?"

"विचारतो," मी म्हणालो. "तू काय म्हणतोस?"

त्यानं कुबडी बाजूला सरकवली. "तुमचा राग मला जाणार नाय, कारभारी. गेला असं म्हणलो तर ते बी खोटंच व्हईल. पण रविवारी त्या गेटवर भाकरी एकट्यानं खाववत नाय."

तुझी आई आत गेली आणि ताट वाढून आली. तो जेवला. वरण दोनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर म्हणाला, तुला लिहायचं तर त्याचंही लिहायचं. तो सांगत गेला तसं विशाखानं उतरवलं, ते खाली जोडलं आहे. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो होतो, नाहीतर तो मोकळं बोलला नसता.

आबा

—

गोरख,

निवृत्तीकाकाचा राम राम. तुझा बाप भायेर गेलाय, आता बोलतो. मी नऊ वर्षं तुला रोज शिव्या घातल्या. सकाळी लाकडी पाय बांधायला घेतला की पहिली शिवी तुला. तू तिकडं बर्फात उभा व्हता आन मी इथं तुला शिव्या घालत व्हतो, त्या बी बिनकामाच्या. आता त्या मला परत घ्यायच्या हायेत. पत्रात घेता येत नाय, मी करून बघितलं, नवसाबाई हसली. त्याला समोर माणूस लागतो. तवा तू सुट्टी काढ अन ये.